भोपळ्यावरील शस्त्रक्रिया

वसईच्या बाजारांत कोहळा, काकडी किंवा फणस घेणाऱ्या गृहस्थास, हीं एके काळीं वैद्यकाच्या विद्यार्थ्यांचीं खेळणीं होतीं असें सांगितलें तर तो हंसेल. खेळांतून वैद्यक शिकविणें ही पश्चिमेकडील नवी टूम, असाच आपला समज! परंतु सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील नववा अध्याय सर्वस्वी याच विषयास वाहिलेला आहे. छेदन शिकावयाचें तें कोहळा, दुध्या, कलिंगड यांवर. भेदन चिखलपाणी भरलेल्या कातडी पिशवीवर. शिरावेध कमळाच्या देठावर. रुतलेलें शल्य काढण्याचा सराव फणसाच्या गरावर, आणि पट्ट्या बांधावयाच्या त्या कापडी पुरुषाकृति बाहुलीला. किडलेल्या लाकडाच्या छिद्रांत शलाका घालण्याची युक्ति तर मोठी मार्मिक आहे. व्रणाची खोली डोळ्यांना दिसत नाहीं, ती बोटांनाच कळावी लागते.

यास कोणी भातुकली म्हणेल, म्हणो बापडा. नवशिक्याचा हात चुकणारच. ती चूक भोपळ्यानें सोसावी कीं रोग्यानें, एवढाच प्रश्न आहे.

१८४५ सालीं मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें आणि आपल्याकडील वैद्यकशिक्षण नव्या वळणास लागलें. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमांत कौशल्य-प्रयोगशाळेस स्थान मिळालें असून तेथें कृत्रिम कातडीस टाके घालतां येतात. शिवाय पत्त्यांचे डाव व प्रश्नमंजूषाही आल्या आहेत. त्यांनीं औषधांचीं नांवें पक्कीं होतात, हें खरें. हात मात्र तयार होत नाहीं, आणि सुश्रुताची तक्रार नेमकी अशाच पढिक शिष्याविषयीं होती.