दोन प्रकाशकणांची गाठ

जिवंत शरीराच्या आत पेशींचे व्यवहार कसे चालतात, हे प्रत्यक्ष पाहावे अशी शास्त्रज्ञांची फार जुनी इच्छा. परंतु ऊतीचा पातळ काप घ्यावा तर जीव जातो, आणि न घ्यावा तर वरच्या-खालच्या थरांचा प्रकाश मिसळून सूक्ष्मदर्शकातील चित्र गढूळ होते. हा पेच पुढे ज्या विचाराने सुटला, तो एका तरुण विदुषीने साठ वर्षे आधीच कागदावर मांडून ठेविला होता.

तिचे नाव मारिया गोपर्ट-मायर. जर्मनीतील गटिंगेन येथे माक्स बोर्न यांच्या हाताखाली तिने डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला; तो 1931 साली प्रसिद्ध झाला. अणू एका वेळी एकच प्रकाशकण गिळतो, अशी सर्वसाधारण समजूत. मारियाने गणिताने दाखविले की, निम्म्या शक्तीचे दोन कण एकाच क्षणी आले, तर अणू दोन्ही मिळून ग्रहण करू शकतो. एका गड्याला न हलणारी धोंड दोघांनी एकदम जोर लावला म्हणजे हलते. एकाने आज व दुसऱ्याने उद्या लावलेला जोर मात्र फुकट जातो. तसेच हे आहे. परंतु अशी गाठ पडण्याइतका प्रखर प्रकाश त्या काळी कोणत्याही दिव्यात नव्हता.

लग्नानंतर मारियाबाई अमेरिकेत गेल्या. पती प्राध्यापक झाले. बाईंनी मात्र कित्येक वर्षे जवळजवळ बिनपगारी संशोधन केले. पूर्ण वेतनाचे प्राध्यापकपद त्यांना कॅलिफोर्नियात 1960 साली मिळाले. योगायोग असा की, त्याच वर्षी त्याच प्रांतात थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर पेटविला. दुसऱ्याच वर्षी कायझर आणि गॅरेट यांनी लेसरचा तांबडा प्रकाश एका स्फटिकावर सोडला, तेव्हा त्यातून निळी प्रभा उमटली. तीस वर्षांपूर्वीचे गणित खरे ठरले. बाईंना 1963 साली नोबेल पारितोषिक मिळाले ते अणुगर्भाच्या रचनेविषयीच्या कार्याबद्दल. 1972 साली त्या निवर्तल्या.

1990 साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर व वेब यांनी हा विचार सूक्ष्मदर्शकात आणला. अडचण अशी की, सतत तेवढा प्रखर प्रकाश दिला तर पेशी जळून जाईल. म्हणून त्यांनी प्रकाशाची अतिसूक्ष्म स्पंदने वापरली. प्रत्येक स्पंदन सुमारे 100 फेम्टोसेकंदांचे. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांश भागाचा दहा लाखावा भाग. अशी सुमारे आठ कोटी स्पंदने दर सेकंदाला. हे प्रमाण ताणून पाहिले, तर एक सेकंद दिवा लागावा आणि पुढे सुमारे पस्तीस तास अंधार असावा, असे होते. सरासरी प्रकाश थोडाच. पण त्या एका क्षणी तो लाखपटीहून अधिक प्रखर.

येथेच खोलीचे रहस्य आहे. प्रकाश दुप्पट झाला, तर दोन कणांची गाठ चौपट वेळा पडते. त्यामुळे भिंगाने किरण जेथे एकवटतात तेवढाच बिंदू चमकतो. वरचे व खालचे थर अंधारातच राहतात. तो बिंदू आडवा फिरविला की एका थराचे चित्र मिळते. मग खाली सरकविला की दुसऱ्याचे. अशा प्रकारे जिवंत उंदराच्या मेंदूत अर्ध्या मिलिमीटरहूनही खोल पाहता येऊ लागले.

2005 साली इस्राएलमधील वाइझमन संस्थेत आणखी एक पाऊल पडले. तेथील शास्त्रज्ञांनी स्पंदनच असे घडविले की, ते वाटेत लांबट राहते व ठराविक पातळीवरच आखूड होऊन प्रखर बनते. मग बिंदू न फिरविता एक सबंध थर एकदम उजळतो. स्पंदनाची घडण बदलून ही पातळी वर-खाली सरकविता येते, हेही पुढे दिसून आले.

ज्या प्रबंधाचा त्या काळी कोणालाच उपयोग दिसत नव्हता, त्याचे फळ असे दोन पिढ्यांनी हाती आले. दोन प्रकाशकण ग्रहण करण्याची क्षमता मोजण्याचे एकक आज गोपर्ट-मायर याच नावाने ओळखले जाते.