बुद्धिबळांतील प्याद्याचा मान

विदर्भाच्या दक्षिण कडेला, उमरखेड तालुक्यांत, ढाणकी हें गांव आहे. तालुक्याच्या सीमेवरून पैनगंगा वाहते, आणि तिच्या पलीकडे एके काळीं निजामाचें राज्य होतें. अशा सरहद्दीवर भाषा एकमेकींत कशा मिसळतात हें पाहावयाचें असेल, तर घरांतील बुद्धिबळाचा पट उलगडावा. खेळाचें नांव संस्कृत. हत्ती, उंट आणि घोडा आपल्या अंगणांतले. पण वजीर, शह आणि मात हे शब्द परकी राजदरबारांतून आलेले. भारतांत जन्मलेलें चतुरंग इराणांत गेलें आणि फारसी शब्द घेऊन परत आलें, याची ही खूण होय. बाराव्या शतकांत चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें ‘मानसोल्लासा’त या खेळाला जागा दिली, त्यावरून दक्षिणेंतील त्याचें वयहि ध्यानांत येतें.

परंतु आपल्या वाडवडिलांचा खेळ आजच्याहून निराळा होता. गांवागणिक नियमांत थोडाफार फरक असे. तथापि सर्वसाधारण रीत अशी होती: प्यादें पहिल्या खेळींतहि एकच घर सरके. राजाला किल्लेकोट नव्हता. शह बसण्यापूर्वीं एकदांच घोड्याची चाल करण्याची मुभा त्याला असे. प्यादें शेवटच्या घरीं पोंचलें म्हणजे हवें तें मोहरें मागतां येत नसे. ज्या मोहऱ्याचें तें घर, तेंच मिळावयाचें, आणि तेंहि आधीं मारलें गेलें असेल तरच.

याहून लक्षांत घेण्याजोगी गोष्ट डावाच्या अखेरीची. प्रतिपक्षाचीं सारीं मोहरीं कापून एकट्या उरलेल्या राजाला कोंडणें हा पराक्रम मानला जात नसे. पुष्कळ ठिकाणीं असा डाव बरोबरींत सोडीत. म्हणून विजयेच्छु खेळाडूला शत्रूचें एखादें तरी मोहरें राखून मात द्यावी लागे. आणि सर्वांत मानाची मात कोणती? वजिराची नव्हे, हत्तीची नव्हे, तर प्याद्याची. बलवानाला आवर घालणारा आणि दुबळ्याला थोरवी देणारा हा नियम होता.

परकीयांनीं आपली ही रीत बुडविली, असें म्हणण्याचा मोह होतो. इतिहास मात्र इतका सोपा नाहीं. पेशवाई बुडण्याच्या चार वर्षें आधीं, १८१४ सालीं, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर मुंबईस छापून निघालें. त्यांतील डाव यूरोपीय पद्धतीला जुळवून घेतले आहेत, असें त्याचें शीर्षकच सांगतें. म्हणजे राज्य जाण्यापूर्वींच आपल्या पंडितांपैकीं एकजण परक्या पटावर आपली बुद्धि पारखीत होता.

पुढें छापील पुस्तकें आणि देशोदेशींच्या स्पर्धा यांनीं एकाच नियमाची गरज उत्पन्न केली. पंजाबांतील मीर सुलतान खान देशी रीतींत वाढला, नवे नियम शिकला आणि १९२९, १९३२ व १९३३ सालीं ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून आला. सांगलीस भाऊसाहेब पडसलगीकर यांनीं १९४१ सालीं नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापिलें. १९५५ सालीं एलुरु येथें झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेंत रामचंद्र सप्रे हे संयुक्त विजेते ठरले. आणि २०२५ सालीं नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें बाटुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकला. विदर्भाच्या मुलीला जगाशीं खेळतां आलें, तें जगाचे नियम आपण स्वीकारले म्हणूनच. हा लाभ नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

तरीहि हिशेबाची दुसरी बाजू कोरी ठेवूं नये. शह आणि काटशह आपल्या रोजच्या बोलण्यांत राहिले. प्यादेमातीचा मान मात्र विसरत चालला. जिंकावें कसें हें नवा खेळ उत्तम शिकवितो; परंतु कोणत्या रीतीनें जिंकणें शोभतें, हा प्रश्न जुना खेळ प्रत्येक डावाला विचारीत असे. ढाणकींत, किंवा वाचकांच्या स्वतःच्या घरीं, जुन्या रीतीनें खेळलेला कोणी वृद्ध असेल, तर त्याच्यासमोर एकदां पट मांडावा आणि त्याचे नियम लिहून घ्यावे. त्याच्याकडून हरण्याची तयारी मात्र ठेवावी.