मेसर्स ग्लास आणि मंडळी

वाणिज्य शाखेच्या माणसाला इतिहास नसतो. त्याला फक्त मागील पानावरून पुढे आणलेली शिल्लक असते. आमचे कला शाखेचे मित्र पानिपत आणि वॉटर्लू यांच्या गप्पा मारत, तेव्हा आम्ही १९३२ चा भागीदारी कायदा घोकत होतो. भागीदार मेला तर काय, दिवाळखोर झाला तर काय, वेडा झाला तर काय, या सगळ्याची त्यात सोय आहे. भागीदार शहाणा निघाला तर काय करायचं, तेवढंच नाही. म्हणून भागीदारीच्या करारावर उभं राहिलेलं एक गाव जगात आहे हे वाचलं, तेव्हा इतिहासातला एक तुकडा तरी आपल्या खात्यावर जमा झाला, याचा मला कोण आनंद झाला!

या बेटाचं नाव त्रिस्तान द कुन्हा. दक्षिण अटलांटिक महासागरात मधोमध एक ज्वालामुखी डोकं वर काढून बसलाय. त्याच्या पायथ्याशी जी थोडी सपाट जागा उरली, तिथे एक गाव. वस्ती अडीचशेच्या आत. गावाचं कागदोपत्री नाव एडिंबरा ऑफ द सेव्हन सीज, पण गावकरी म्हणतात नुसतं ‘सेटलमेंट’. बेटावर दुसरं गावच नाही, मग नावाची चैन कशाला? शेजारी म्हणावं असं सेंट हेलेना २,४०० किलोमीटरवर. विमानतळ नाही. केपटाऊनहून बोटीने आठवडाभर प्रवास करायचा, आणि त्या बोटीही वर्षाकाठी मोजक्याच. वाटीभर साखर उसनी मागण्याची सोय नाही, आणि परत मागायला कुणी येण्याची भीतीही नाही.

हे बेट १५०६ साली त्रिस्तांव द कुन्हा या पोर्तुगीज दर्यावर्दीला दिसलं. त्याच्याच ताफ्यात आल्बुकर्क होता. त्यानेच पुढे १५१० साली गोवा घेतला. म्हणजे दोघे निघाले होते आपल्याकडेच, हे बेट आपलं वाटेत लागलं. त्रिस्तांवसाहेब त्यावर उतरले नाहीत. नाव ठेवलं आणि निघून गेले. दारात न थांबता नावं ठेवून जाणारे पाहुणे आपल्याला नवीन नाहीत.

पुढे तीनशे वर्षं तिथे कायम राहायला कुणी गेलं नाही. १८१० च्या अखेरीस जोनाथन लॅम्बर्ट नावाचा अमेरिकन दोनतीन सोबत्यांसह येऊन पोचला आणि त्याने १८११ साली स्वतःला बेटाचा स्वामी म्हणून जाहीर केलं. १८१२ मध्ये स्वामी समुद्रात बुडाले, असं मागे उरलेल्या सोबत्याने सांगितलं. ऑडिट करायला दुसरं कोणीच नव्हतं, तेव्हा तेच खरं धरून चालायचं.

१८१६ साली इंग्रजांनी बेटावर फौज ठेवली. कारण काय, तर सेंट हेलेनावर कैदेत असलेल्या नेपोलियनला सोडवायला कुणी इथून येऊ नये. मुंबईच्या तुरुंगातला कैदी पळू नये म्हणून काश्मीरच्याही पलीकडे रखवालदार उभा करावा, त्यातलाच हा प्रकार. वर्षभरात खर्चाचा आकडा कुणीतरी पाहिला असावा. १८१७ मध्ये फौजेला परतीचा हुकूम आला.

तेव्हा विल्यम ग्लास नावाचा स्कॉटिश कॉर्पोरल म्हणाला, मी इथेच राहतो. बायको होती, दोन मुलं होती, आणि जोडीला दोन गवंडी तयार झाले. या मंडळींनी नोव्हेंबर १८१७ मध्ये चक्क भागीदारीचा करार केला. मालमत्ता सर्वांची सारखी. नफा सारखा वाटायचा, खरेदीचे पैसे सारखे भरायचे. आणि पेढीत सलोखा राहावा म्हणून कुणीही दुसऱ्यावर वरचढपणा करायचा नाही. आजारी नसेल त्या प्रत्येकाने आपल्या वाट्याचं काम करायचं.

हे शेवटचं कलम मी पुन्हा पुन्हा वाचलं. कुठल्याही कचेरीत तीन माणसं जमली, की त्यातला एक साहेब होतो, दुसरा साहेबाचा माणूस होतो आणि तिसरा काम करतो. इथे तिघांनी लिहून दिलं की साहेबच नको! अर्थात जगाला साहेबाशिवाय करमत नाही. बेटावर येणारे खलाशी ग्लासला ‘गव्हर्नर’ म्हणू लागले आणि ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. पगार मात्र गव्हर्नराचा नव्हता. बटाटे सगळ्यांबरोबर तोही खणत होता.

पुढे फुटक्या जहाजांवरचे खलाशी भागीदार होत गेले. १८२७ साली पाच ब्रह्मचाऱ्यांनी एका कप्तानाला विनंती केली, आणि त्याने सेंट हेलेनाहून पाच जणी आणल्या. पत्रिका पाहिल्याची नोंद नाही.

पण खरी परीक्षा आली १८८५ साली. जवळून जाणाऱ्या जहाजाशी मालाची देवघेव करायला पंधरा पुरुष एका होडीतून निघाले. एकही परत आला नाही. गाव विधवांचं झालं. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर एक भागीदार मेला की भागीदारी संपते, असं आमचा कायदा सांगतो. इथे एका दिवसात पंधरा गेले. उरलेल्या बायकामुलांनी आणि म्हाताऱ्यांनी पेढी चालूच ठेवली.

१९६१ साली खुद्द जमीनच उलटली. ज्वालामुखी गावालगत फुटला आणि २६४ माणसं इंग्लंडला आणावी लागली. लाव्ह्याने बेटावरचा लॉब्स्टरचा कारखाना गिळला. इंग्लंडात घर मिळालं, नोकरी मिळाली, टेलिव्हिजन मिळाला; शिवाय खोकला आणि ताप, जे त्यांच्या शरीराला सवयीचे नव्हते. सरकारला वाटलं, मंडळी आता रुळली. डिसेंबर १९६२ मध्ये मतदान घेतलं. परत जायला अनुकूल १४८, प्रतिकूल ५. आमच्या युनियनच्या सभेत चहाच्या ठरावालाही इतकं बहुमत मिळत नाही! १९६३ मध्ये बहुतेक सगळे परतले.

आज बेटावर लंडनने नेमलेला प्रशासक असतो. अकरा जणांचं मंडळ असतं, त्यात आठ निवडून येतात, तीन नेमले जातात आणि निदान एक बाई असावी लागते. सर्वांत जास्त मतं पडणारा तो मुख्य बेटवासी. म्हणजे साहेब आलाच. पण जमीन अजून सर्वांची सामाईक आहे, बाहेरच्याला विकत मिळत नाही. कुणी श्रीमंत होऊन गवत संपवू नये म्हणून घरटी किती गुरं ठेवायची, यालाही मर्यादा आहे. मिळकत लॉब्स्टरची आणि टपाल तिकिटांची. १९४६ साली त्यांनी एका तिकिटाचा नमुना सुचवला, त्यावर किंमत छापली होती एक पेनी किंवा चार बटाटे. लंडनने तो नाकारला. आम्हा बँकवाल्यांच्या दृष्टीने बरंच झालं. चार बटाट्यांचा चेक आला असता, तर एखादा कुजका निघाल्यावर तो वटवायचा कसा?

ग्लासचं आडनाव बेटावर अजून आहे. दोनशेहून अधिक वर्षं झाली. आमच्या पुस्तकात ‘गुडविल’ नावाचं एक खातं असतं. डोळ्यांना न दिसणारी मालमत्ता अशी त्याची व्याख्या, आणि नफा झाला की आधी ती खोडून टाकावी असा सल्ला. ग्लास आणि मंडळींचं भांडवल म्हणावं तर थोडी गुरं आणि थोडे बटाटे. कारखाना जळाला, होडी बुडाली, माणसं गेली. शिल्लक काय ती या एका खात्यावर होती, आणि ती त्यांनी कधी खोडली नाही.