घरची गाडी रेस ट्रॅकवर नेताय? निघण्याआधी या गोष्टी तपासा

वेगाची हौस असलेली पोरं रात्री हायवेवर नाहीतर घाटात गाड्या पळवतात. त्यात समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा, ऊसाच्या ट्रॉलीचा काहीच दोष नसतो, पण जीव त्यांचाही जातो. हा गुन्हाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावल्यास पहिल्याच वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

हौस भागवायची योग्य जागा म्हणजे रेस ट्रॅक. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूरजवळ चेट्टीपाळयम आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा इथे मोठे ट्रॅक आहेत. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन झाली. त्याची एक फेरी ५.१२५ किमीची आहे. अशा ट्रॅकवर 'ट्रॅक डे' भरतात. फी भरून आपली रोजची गाडी चालवता येते. नंबर काढायचा नसतो.

ब्रेक सगळ्यात आधी

ट्रॅकवर इंजिनाआधी दम तोडतात ते ब्रेक. रस्त्यावर अधूनमधून ब्रेक लागतो, इथे प्रत्येक वळणाआधी जोरात लागतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. नवे डॉट-४ ऑइल साधारण २३० अंशांना उकळते, पण ओलावा धरलेले १५५ अंशांच्या आसपासच उकळू शकते. उकळले की आत वाफ होते आणि पेडल थेट खाली जाते. म्हणून जाण्याआधी ब्रेक ऑइल पूर्ण बदलून घ्यावे, हवा काढून घ्यावी. डबा नवा, सील न फोडलेलाच घ्यावा. पॅड अर्धे झिजले असतील तर नवे टाकावेत. डिस्कला चीर आहे का, पाईप फुगलाय का, हेही मिस्त्रीकडून बघून घ्यावे.

टायर

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३२२१ असेल तर तो २०२१ च्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. जुना, कडक झालेला, फुगवटा आलेला किंवा रिमोल्ड केलेला टायर ट्रॅकवर नेऊ नये. हवा थंड टायरात, दारापाशी लावलेल्या स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे भरावी. फेऱ्या मारल्यावर टायर तापून हवा वाढते, म्हणून बाहेर आल्यावर गेज लावून बघावे. जास्तीची हवा सोडली असेल तर घरी निघण्याआधी, टायर थंड झाल्यावर परत भरावी. चाकाचे नट पान्याने तपासावेत, दुपारी पुन्हा एकदा.

इंजिन आणि बाकीचे

इंजिन ऑइल वरच्या खुणेच्या जवळ असावे, पण खुणेच्या वर नको. कूलंट भरलेले असावे, नुसते पाणी नको. कुठेही गळती चालत नाही. ट्रॅकवर ऑइल सांडले तर मागचा घसरतो. बॅटरी घट्ट बांधलेली हवी. पेट्रोल निदान अर्धी टाकी ठेवावे, कमी असेल तर वळणावर ते एका बाजूला जाऊन गाडी आचके देते. सीएनजी किट असेल तर आयोजकांना आधीच विचारावे.

गाडी रिकामी करा

स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, मोकळे मॅट, देव्हाऱ्यातली मूर्ती, सगळे बाहेर काढावे. बाटली ब्रेकखाली अडकली तर ब्रेक लागत नाही. ओढायचा हुक मात्र हाताशी ठेवावा. परतताना स्टेपनी विसरू नये.

चालवणारा

आयएसआय मार्क हेल्मेट, पूर्ण बाह्यांचा सुती कपडा, बंद बूट. चप्पल नको. पाठ सीटला टेकून मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेला टेकेल एवढी सीट पुढे घ्यावी. पहिल्या दोन फेऱ्या सावकाश माराव्यात. पेडल मऊ लागले किंवा जळका वास आला तर लगेच बाहेर यावे. शेवटची फेरी ब्रेक कमी लावत थंड करावी. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नये, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा.

विम्याचे काय?

नेहमीच्या वाहन विम्यात आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी यांना संरक्षण नसते. पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' या भागात ते लिहिलेले असते. ट्रॅक डे शर्यत नसला तरी आपली पॉलिसी काय म्हणते, हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. तिथे गाडी ठोकली तर खर्च स्वतःच्या खिशातून जाईल असेच धरून चालावे.

घरात एकच गाडी असेल, त्याच गाडीतून आईला दवाखान्यात आणि माल बाजारात न्यायचा असेल, तर घरच्यांना विचारूनच हा बेत करावा. कर्जाचा हप्ता चालू असेल तर दोनदा विचार करावा. एवढे करून गेलात तर दिवस मजेत जातो, आणि गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी कामालाही येते.