सिस्टर कमी, खर्च जास्त: हिशेब जुनाच आहे

मागच्या वर्षी वडिलांसोबत एका सरकारी दवाखान्यात अकरा रात्री काढल्या. वॉर्डात खाटा ३०, पेशंट ४४. उरलेले खाली गादीवर. रात्रपाळीला सिस्टर एकच. सलाईन संपत आली की मी तिला शोधत फिरायचो. एकदा आवाज चढवला, तर ती शांतपणे म्हणाली, "दादा, मी एकटी आहे. आधी कुणाकडे बघू सांगा." उत्तर नव्हतं माझ्याकडे.

घरी आल्यावर जुना हिशेब शोधला. भोर समितीचा अहवाल आला १९४६ साली. तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात साधारण ४३,००० लोकांमागे एक नर्स होती, इंग्लंडात ३०० मागे एक. नर्स वाढवा, त्यांचे पगार आणि राहण्याची सोय सुधारा, असं समितीने तेव्हाच सांगितलं. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. पुढे परिषदेने प्रमाण ठरवलं: साध्या रुग्णालयात ५ खाटांमागे एक नर्स, रजेसाठी ३० टक्के जादा.

आता ३० खाटांचं गणित करा. सहा सिस्टर, तीन पाळ्या, म्हणजे पाळीला दोघी. पण हे गणित खाटांचं आहे, खाली गादीवरचा पेशंट त्यात नाही. एखादं पद रिकामं राहिलं की दोघींची एक होते. त्यात रजिस्टर, औषधांचा साठा, रिपोर्ट हेही तिनेच बघायचं.

पद भरलं नाही की पगार वाचला असं वाटतं. वाचत नाही. वडिलांची कूस वेळेवर बदलली गेली नाही, पाठीला जखम झाली, चार दिवसांचा मुक्काम अकरावर गेला. बाहेरून आणलेली औषधं आणि माझा बुडालेला रोज, सगळं आमच्याच खिशातून.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांचा अभ्यास करून लिंडा एकेन यांनी २००२ मध्ये दाखवलं की नर्समागे शस्त्रक्रियेचा एकेक पेशंट वाढला, तर ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा केला आणि २००४ पासून नर्स-पेशंट प्रमाण सक्तीचं झालं. आपल्याकडे प्रमाण आहे, सक्ती नाही.

आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात नर्सची पदं किती मंजूर, किती भरलेली? माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात. मी टाकलाय, तुम्हीही टाका. उत्तर आलं की इथेच सांगतो.