चक्कर येते म्हणणाऱ्याचं कुणी ऐकलं?

आजचा भाग चालता चालता ऐकत असाल, तर एक गंमत करा. चालत राहा आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचा. वाचता आली ना? तुमचं डोकं प्रत्येक पावलाला वरखाली होतंय, तरी पाटी जागच्या जागी आहे. कानाच्या आत खोलवर तोल सांभाळणारा एक छोटासा अवयव आहे, त्याची ही कामगिरी. तो नीट चालतो तोवर तो आहे हेसुद्धा आपल्याला कळत नाही.

मला कळलं चार वर्षांपूर्वी, दादरच्या पुलावर. अचानक सगळा पूल गरगर फिरायला लागला. मी कठडा धरून खाली बसले. एका काकूंनी पाणी दिलं आणि विचारलं, "उपास आहे का गं?" दुसऱ्या बाईंनी हळूच विचारलं, "काही गोड बातमी?" पहिल्या डॉक्टरांनी टेन्शन घेऊ नका, मोबाईल कमी करा, असं सांगितलं. तसे झटके परत परत येत राहिले. आठ महिन्यांनी एका डॉक्टरांनी विचारलं, "चक्कर येताना कानात आवाज होतो का? कान भरल्यासारखा वाटतो?" होतो की! पण तोवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं. निदान झालं: मेनिएरचा आजार. आयुष्यभराचा सोबती.

मग मी शोधायला लागले की हा मेनिएर कोण?

प्रॉस्पर मेनिएर पॅरिसमध्ये मूकबधिरांच्या सरकारी संस्थेचे वैद्यकीय प्रमुख होते. त्या काळी भोवळ, उलट्या, तोल जाणं हे सगळं मेंदूत रक्त साचल्यामुळे होतं, असं मोठमोठे डॉक्टर मानायचे. उपाय काय? शीर कापून रक्त काढायचं, जळवा लावायच्या, जुलाब द्यायचे. आधीच भोवळ येतेय आणि त्यात अंगातलं रक्त काढायचं, म्हणजे विचार करा! मेनिएर यांच्याकडे कानाचे रुग्ण यायचे. चक्कर, कानातला आवाज आणि कमी होत जाणारं ऐकू येणं या तिन्ही गोष्टी अनेकांच्या बोलण्यात एकत्र येतात, हे त्यांच्या लक्षात आलं. फ्लुराँ या शास्त्रज्ञाने 1820च्या दशकात कबुतरांच्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्या कापल्या होत्या, तेव्हा ती कबुतरं गोल गोल फिरायला लागली होती. मेनिएरनी या दोन गोष्टी जोडल्या आणि जानेवारी 1861मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीत सांगितलं की या चकरेचं मूळ मेंदूत नाही, कानात आहे. अकादमीला ते फारसं पटलं नाही. पुढच्याच वर्षी मेनिएर वारले. त्यांचं नाव या आजाराला नंतर मिळालं.

दुसरी गोष्ट व्हिएन्नाची. रॉबर्ट बारानी नावाचा तरुण डॉक्टर रुग्णांचे कान पिचकारीने धुवायचा. धुताना बऱ्याच जणांना चक्कर यायची. एकदा एका रुग्णाने तक्रार केली की पाणी गार असलं की मला गरगरतं. बारानींनी नर्सला गरम पाणी आणायला सांगितलं. ते जरा जास्तच गरम निघालं आणि रुग्णाला परत गरगरलं! बारानींनी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं, तर बुबुळं आता उलट्या दिशेने झटके देत होती. त्यांना उलगडा झाला: कानातल्या नळ्यांमध्ये द्रव आहे. तो तापला की वर सरकतो, गार झाला की खाली जातो आणि मेंदूला वाटतं डोकं फिरतंय. कानात गार-गरम पाणी सोडून तोल तपासायची पद्धत यातूनच आली, आजही वापरतात. या कामासाठी बारानींना 1914 सालचं नोबेल मिळालं. ती बातमी आली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. स्वीडनच्या राजपुत्राच्या मध्यस्थीमुळे ते 1916 साली सुटले. आणि या सगळ्याची सुरुवात काय, तर एका रुग्णाची पाण्याबद्दलची कुरकुर.

आता तिसरी गोष्ट. ही माझ्या घरापर्यंत येते.

1943 साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. क्षयावर जोरदार लागू पडणारं हे पहिलं औषध. लाखो जीव वाचले. पण काही जणांच्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या पेशी या औषधाने मरायच्या, आणि माणसात त्या पुन्हा नीट उगवत नाहीत. 1952 साली अशाच एका डॉक्टर रुग्णाने 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आपला अनुभव लिहिला. नावाच्या जागी फक्त 'जे. सी.' ही आद्याक्षरं. वाचताना नाडीच्या ठोक्याने डोकं हलायचं तेवढ्यानेही अक्षरं उडायची, म्हणून तो पलंगाच्या दोन गजांमध्ये डोकं घट्ट रोवून वाचायचा.

हे वाचलं आणि मला आजोबा आठवले. 1962 साली त्यांना टीबी झाला होता. बरे झाले, पण कितीतरी महिने रोज इंजेक्शन घ्यावं लागलं. नंतर रात्री अंगणात जाताना ते भिंतीला हात लावून, पाय फाकवून चालायचे. "अंधारात जमीन हलते रे," म्हणायचे. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. गावात काही जण म्हणायचे, आबा लपून पितात. गळ्यात तुळशीची माळ असलेला माणूस! त्यांना याचं किती लागलं असेल, ते आता कळतं.

तोल सांभाळायला शरीराकडे तीन साधनं असतात: कान, डोळे आणि तळपाय-सांध्यांची जाणीव. कान गेला तर मेंदू उरलेल्या दोघांवर काम भागवतो. अंधार झाला की डोळेही जातात. मग भिंत हवीच. कुणीही न शिकवता आजोबांनी उपाय शोधला होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या दोन डॉक्टरांनी डोक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी हीच गोष्ट पद्धतशीर बसवली. पडून राहणाऱ्यांपेक्षा हालचाल करणारे लवकर सावरतात, हे त्यांनी पाहिलं होतं. आधी नुसते डोळे फिरवायचे, मग मान, मग बसून, उभं राहून, चेंडू झेलत. थोडी चक्कर येऊ द्यायची, म्हणजे मेंदू शिकतो. मीही झटके नसतात त्या काळात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हेच व्यायाम करते. माझा आजार गेलेला नाही. पण पुलावर एकटी जाते.

शेवटी एकच सांगते. आपल्या भाषेत यासाठी किती शब्द आहेत बघा. गरगरतं, म्हणजे खोली फिरते. डोळ्यांपुढे अंधारी येते, ती बऱ्याचदा उठल्यावर रक्तदाब उतरल्यामुळे. झोक जातो, म्हणजे डोकं ठीक, पाय डळमळतात. डॉक्टरांसाठी या तीन वेगळ्या वाटा आहेत. म्हणून नुसतं "चक्कर येते" म्हणू नका. कधी आली, किती वेळ टिकली, तेव्हा काय करत होता, कानात आवाज होता का, हे फोनमध्ये लिहून ठेवा. अंधारी येत असेल तर आधी बसा, मग उभे राहा. आणि चकरेबरोबर बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला किंवा डोकं भयंकर दुखलं, तर थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

तुमच्या घरात भिंत धरून चालणारं कुणी असेल, तर आज त्यांच्याजवळ बसून विचारा, नेमकं काय होतं? मी आजोबांना कधीच विचारलं नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. सांभाळून चाला!