चट्टा, लाखोळी आणि लकवा

गरम चहाचा पेला हातात घेतला, बोटाला फोड आला, पण चटका काही बसला नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत एवढ्या एका गोष्टीने माणसाची झोप उडायची. मग तो अंघोळ करताना पाठ, मांड्या, कोपरे चाचपू लागे. कुठे फिकट चट्टा सापडला की बाभळीच्या काट्याने टोचून पाही. टोचलेले कळले तर जीव भांड्यात पडे, नाही कळले तर सदऱ्याची बाही खाली ओढून गप्प बसणे आले. बायकोला सांगायचे नाही आणि वैद्याला तर मुळीच नाही, कारण वैद्याला कळले म्हणजे गावाला कळले.

महारोग दिसतो कातडीवर, पण त्याचे घर मज्जातंतूंत असते. नॉर्वेतल्या बर्गन गावी आर्मॉर हॅन्सन यांना १८७३ मध्ये सापडलेला त्याचा जंतू शरीराच्या थंड भागांतल्या नसा निवडतो. कोपरामागची नस जाड होते, करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आकडते, पाऊल लुळे पडते. हा जंतू फार सावकाश वाढतो, त्यामुळे लागण झाल्यापासून पहिली खूण दिसेपर्यंत पाच वर्षे सहज जातात, कधी वीसही. म्हणजे एकदा रोग्याच्या सहवासात आलेल्या माणसाला धास्ती बाळगायला अर्धे आयुष्य मोकळे. आणि धास्ती बाळगणारे बहुतेक उगाचच बाळगत, कारण शंभरातल्या पंचाण्णवांच्या आसपास माणसांच्या अंगी या जंतूला परतवण्याची ताकद जन्मजातच असते. गजकर्ण, शिबे, कोड यांचा नसांशी काही संबंध नाही. तरीही त्यांच्या चट्ट्यांपायी कित्येक लग्ने मोडली असतील.

भीतीला कायद्याचीही साथ होती. १८९८ च्या कायद्याने निराधार महारोग्यांना पकडून आश्रमात डांबण्याची सोय केली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण ठरवले. पहिला कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडले, दुसऱ्यातले कलम २०१९ मध्ये गेले. तोवर हा रोग गोळ्यांनी बरा होऊ लागून साडेतीन दशके उलटली होती.

या भीतीची सर्वांत प्रसिद्ध हकीकत वरोऱ्याची आहे. मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे हे तिथले वकील आणि नगरपालिकेचे उपाध्यक्ष. सफाई कामगारांचे दुःख समजून घ्यायचे म्हणून ते स्वतः मैला वाहत. रेल्वेत एका मुलीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ते भिडले होते, त्यावरून गांधीजींनी त्यांना ‘अभयसाधक’ म्हटले होते. हा माणूस एका पावसाळी रात्री रस्त्याकडेला पडलेला, किडे पडलेला, बोटे झडलेला तुळशीराम नावाचा महारोगी पाहून पळाला. आपल्यालाही हा रोग होईल या विचाराने पळाला. आमट्यांनी ही गोष्ट कधी लपवली नाही. ते परत आले, तुळशीरामला आडोसा केला आणि त्याच्या मरणापर्यंत त्याची शुश्रूषा केली.

पुढचा भाग मराठी वाचकाला पाठ आहे, पण त्यातला एक तपशील घाईत निसटतो. आमटे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घ्यायला गेले तेव्हा एक मोठी अडचण संशोधकांच्या वाटेत होती. हा जंतू प्रयोगशाळेतल्या काचेत वाढत नाही. आजही वाढत नाही. तेव्हा कुठला प्राणीही हाताशी नव्हता. उंदराच्या पंजात तो वाढवता येतो हे १९६० मध्ये कळले, अमेरिकेतल्या आर्मडिलो या खवल्यांच्या प्राण्यात वाढतो हे १९७१ मध्ये. म्हणून आमट्यांनी प्रयोगासाठी स्वतःचे शरीर पुढे केले आणि जंतू टोचून घेतले. रोग झाला नाही. एका शतकापूर्वी बर्गनच्याच डॅनियल डॅनियल्सन यांनी रोग्याच्या गाठीतला अंश स्वतःला टोचून पाहिला होता, त्यांनाही काही झाले नव्हते. वरोऱ्याहून धास्ती घेऊन गेलेल्या माणसाला उत्तर त्याच्या स्वतःच्याच शरीराने दिले. त्या उत्तरावर गावाचा विश्वास बसायला मात्र अजून बराच काळ जायचा होता.

१९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. सरकारने दिलेली पन्नास एकर खडकाळ जमीन, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्यावर बाबा आणि त्यांच्या पत्नी साधनाताई यांनी संसार मांडला. रुग्णांनी खडकातून भाजी पिकवली, पण ती विकत घ्यायला वरोऱ्यात कोणी तयार नव्हते. १९५४ मध्ये परदेशी स्वयंसेवक इमारती बांधायला येऊन राहिले, रुग्णांच्या हातचे जेवले, आणि मग कुठे बाजार नरमला. गावातल्या डॉक्टरांच्या सांगण्याने जे झाले नाही ते गोऱ्या पाहुण्यांच्या जेवणाने झाले. ही गोष्ट वरोऱ्याला फारशी भूषणावह नाही. १९६० च्या दशकात आनंदवनाच्याच आवारात महाविद्यालय उभे राहिले आणि सभोवतालच्या गावांतली तरणी मुले रोज तिथे शिकायला येऊ लागली. जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन यांचा एकत्रित उपचार सुचवला तो १९८२ च्या सुमाराला. आता सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की जंतू संपतो, गोळ्या फुकट मिळतात, आणि पहिल्या काही मात्रांनंतर रुग्ण कोणाला रोग देऊही शकत नाही. तरी राज्यात नवे रुग्ण अधिक सापडणाऱ्या जिल्ह्यांत चंद्रपूर आणि गडचिरोली आजही आहेत. चट्टा लपवण्याची सवय औषधाहून चिवट निघाली. लपवल्याने हाताची बोटे आकडतात, आणि आकडलेली बोटे पाहून शेजारचा आपला चट्टा अधिकच लपवतो.

महारोगात स्पर्श आधी जातो, ताकद नंतर. याच मुलुखात एक आजार असाही होता की स्पर्श शाबूत आणि पाय मात्र गेले. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, वडसा हा धानाचा पट्टा. इथे धान कापणीला येण्याआधीच, बांधीतल्या ओलीवर, उभ्या पिकात लाखोळी हे कडधान्य फेकून पेरतात. नांगरट नाही, पाणी नाही, खत नाही. पाऊस दगा देवो की बांधी तुंबो, लाखोळी येतेच. तिची कोवळी पाने भाजीला, डाळ वरणाला आणि वड्यांना, भुसा बैलांना. गरिबाला याहून सोयीचे पीक नाही, आणि धोका नेमका या सोयीतच होता. बाकी सगळे बुडाले की लाखोळी तेवढी उरते आणि मग माणसे सकाळ-संध्याकाळ तीच खातात.

अशी दोन-तीन महिने खाल्ली की एखाद्या सकाळी तरणा गडी उठतो आणि त्याचे पाय ताठलेले असतात. गुडघे एकमेकांवर घासत, चवड्यांवर, काठी टेकत तो चालू लागतो. ताप नाही, वेदना फारशी नाही, बुद्धी लख्ख. आणि हे पाय पुन्हा सुधारत नाहीत. सुश्रुतसंहितेत कलायखंज नावाने लंगडेपणाचे वर्णन येते, आणि भावप्रकाशाने त्रिपुट नावाच्या कडधान्याला पंगुत्वाचा दोष दिला आहे. सागर भागात १८२९ पासून सलग तीन वर्षे गारपीट, अवर्षण आणि तांबेरा यांनी गहू बुडाला. शेतात आपसूक माजलेली लाखोळी लोकांनी खाल्ली आणि १८३३ पासून तिशीच्या आतली माणसे कमरेखाली लुळी पडू लागली. ठगांच्या बंदोबस्तासाठी गाजलेल्या स्लीमनने हे १८४४ च्या आपल्या पुस्तकात नोंदवले आहे. पुढे १८६१ मध्ये तो सागर आणि आपला चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, एकाच मध्य प्रांतात आले. नेपल्सच्या कांतानी यांनी १८७३ मध्ये या आजाराला लॅथिरिझम हे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या सुमाराला, युक्रेनमधल्या वाप्नियार्का इथल्या छावणीत ज्यू कैद्यांना हेच धान्य खायला घातले गेले आणि शेकडो जण लुळे झाले.

केंद्राच्या भेसळ प्रतिबंधक नियमांत १९६१ मध्ये लाखोळीच्या विक्रीवर बंदीची तरतूद आली. बंदी लागू करायची की नाही हे राज्यांवर सोडले होते. महाराष्ट्राने ती लागू केली, शेजारच्या मध्य प्रदेशाने केली नाही. गंमत अशी की दाण्यातले नेमके विष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा यांनी वेगळे केले ते १९६४ मध्ये, बंदीनंतर तीन वर्षांनी. धानाच्या पट्ट्यात पेरा काही थांबला नाही. घरचा दाणा घरी शिजत राहिला. डाळ भिजवून ते पाणी फेकून द्यायचे, त्याने विष बरेच उतरते. पेरा चालू असूनही पाय लुळे पडण्याचा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. याचे श्रेय बंदीपेक्षा रेशनच्या तांदळाला आणि रोजगार हमीला द्यावे लागेल, कारण ताटात दुसरे काही असले की लाखोळी फक्त डाळच असते.

नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनी हेच सांगण्यासाठी वर्षानुवर्षे उपोषणे केली. हेच कोठारी सक्तीच्या आयोडीनयुक्त मिठाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात लढले आणि २०११ मध्ये जिंकले. त्यांचे सगळे दावे पटोत न पटोत, लाखोळीच्या बाबतीत सरकारला अखेर त्यांच्या दिशेने यावे लागले. महाराष्ट्राने बंदी मागे घेतली आणि २०१६ च्या आरंभी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने कमी विषाच्या रतन, प्रतीक आणि महातिवडा या वाणांची शिफारस केली. शहरात मात्र बेसनात लाखोळी मिसळली असेल आणि आपले पाय लुळे पडतील, अशी चिंता करणारी घरे अजून भेटतात. भजीतल्या चिमूटभर भेसळीने पाय जात नाहीत. त्यासाठी अख्खे जेवणच तिचे असावे लागते, तेही कित्येक आठवडे.

भामरागडकडे मज्जासंस्थेच्या भीतीने आणखी वेगळे रूप घेतले होते. तापात माणूस बरळतो, झटके येतात, डोळे फिरतात. माडिया आदिवासींच्या गावात ही बाधा समजली जाई आणि कोंबडे घेऊन पुजाऱ्याकडे धाव घेतली जाई. बाबांचे पुत्र प्रकाश आणि सून मंदाकिनी आमटे १९७३ च्या अखेरीस हेमलकशाला पोचले तेव्हा त्यांच्यापुढे आलेल्या अशा बेशुद्ध रुग्णांचे निदान साधे होते: मेंदूचा हिवताप. क्विनाइन वेळेवर पोटात किंवा शिरेत गेले की मेल्यात जमा झालेला माणूस दोन-तीन दिवसांत उठून बसे. रोगाविषयीची समजूत बदलायला व्याख्याने लागली नाहीत. गावात परत चालत गेलेला माणूस पुरेसा होता.

आणि मग लकवा, ज्याला कोणी भ्यायलेच नाही. हातातून ताट निसटले, तोंड वाकडे झाले, जीभ जड पडली आणि दहा मिनिटांत सारे पूर्ववत झाले, तर ‘गरमी झाली असेल’ म्हणून माणूस पुन्हा बांधीत उतरतो. चट्ट्यासाठी वर्षानुवर्षे जागणारा गाव या दहा मिनिटांसाठी एक रात्रही जागत नाही. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेत मेंदूविकारतज्ज्ञ योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या ८६ गावांतल्या मृत्यूंची घरोघर चौकशी केली. २०११ ते २०१३ या काळातल्या १५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याचे निघाले. सातातला एक. हिवताप, क्षय, साप या सगळ्यांना मागे टाकून लकवा पहिल्या क्रमांकावर होता. त्या २२९ पैकी जवळपास ८७ टक्के माणसे घरीच गेली. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांत द्यावे लागते, त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन हवा. भामरागडच्या माणसाला जिल्ह्याचे ठिकाणच पावणेदोनशे किलोमीटरवर. वैदूचे तेल आणि मालिश त्या मानाने दारात.

लकव्यामागे बहुधा वाढलेला रक्तदाब असतो, आणि जोडीला तंबाखू, म्हणजे इथला खर्रा. रक्तदाब दुखत नाही, चट्टा उमटवत नाही, पाय ताठवत नाही. ‘सर्च’ने पुढे ६४ गावांत चाचणी हाती घेतली. गावातल्याच आरोग्यसेवकांनी घरी जाऊन रक्तदाब मोजायचा, ज्याचा वाढलेला असेल त्याला औषधावर आणायचे आणि ते सुटू द्यायचे नाही. ‘मला काही होत नाही, मग गोळी कशाची?’ हा प्रश्न या कामात दारोदारी भेटतो. मे महिन्यात तेंदूपत्ता सुरू झाला की गोळी घेणारा माणूस उजाडण्याआधीच जंगलात गेलेला असतो.